बाल्लारोचं तविल

रविवारी सकाळी शिवपादम अण्णा माझ्या दुकानात कढीपत्ता घ्यायला यायचे, तेव्हा त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांवर पांढऱ्या टोप्या असायच्या. चिंधी आणि मैद्याची खळ यांचे थरावर थर देऊन वाळवलेल्या, दगडासारख्या टणक. नवं गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "भाजलं का हो?" अण्णा गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "हो, लहानपणीच. अजून थंड व्हायचंय." आणि त्या टोप्यांनी माझ्या गल्ल्याच्या फळीवर असं काही वाजवायचे, की समोरचा मासेवाला आपली आरोळी अर्धी सोडून बघत राहायचा.

तविल म्हणजे आम्हा तमिळांचा ढोल. उजवीकडे या टोप्या घातलेल्या बोटांनी आणि डावीकडे आखूड, जाड काठीनं वाजवायचा. शेजारी नादस्वर, म्हणजे दोन हात लांबीची आमची सनई. ही जोडी नसेल तर आमचं लग्न लागत नाही, आणि देव देवळाच्या बाहेर पडत नाही. अण्णांच्या घरात सात पिढ्या तविल. श्रीलंकेत, जाफन्याजवळ इणुविलला त्यांचं घर होतं, ते लढाईत गेलं. एक्क्याण्णव साली अण्णा इटलीत, पालेर्मोला आले ते एका पिशवीनिशी, आणि दुसऱ्या दिवसापासून लोकांचे जिने पुसायला लागले. तविल तीन वर्षांनी आलं, कुणाच्या तरी सामानातून, कातडं फाटलेलं.

ते फाटकं तविल काखेत मारून अण्णा थेट डॉन नुन्झियोच्या दुकानात गेले. नुन्झियो बाल्लारोच्या बाजारातला खाटीक, आणि आमच्या मोहल्ल्यातल्या छोट्या चर्चच्या पालखी मंडळाचा म्होरक्या. माणूस सोन्यासारखा, जीभ मात्र गटारासारखी. त्याच्या तोंडाला बाजारातली गाढवंसुद्धा लाजायची.

"बोकडाचं कातडं पाहिजे," अण्णा म्हणाले. "धडधाकट बोकडाचं. म्हातारा नको."

"खायला मटण नेतात लोक, शिवा. कातडं खातोस काय?"

"वाजवतो."

नुन्झियोनं कातडं दिलं. अण्णांनी ते गच्चीवर ताणून वाळत घातलं आणि त्या वासानं अख्ख्या इमारतीनं आठवडाभर खिडक्या बंद ठेवल्या. तळमजल्यावरची म्हातारी पोलिसांना बोलवायला निघाली होती. आठव्या दिवशी अण्णांनी तविल गळ्यात अडकवून पहिली थाप मारली, तेव्हा तीच म्हातारी बाहेर येऊन म्हणाली, "या आवाजासाठी एवढी घाण केलीस होय? मग ठीक आहे."

अण्णांना एकच लेक, तारणी. जन्म इथलाच. बाजारात तिची जीभ पालेर्मोच्या पोरांसारखी चालते, आणि घरात आईशी जाफन्याच्या म्हाताऱ्यांसारखी. तिची शाळा सुटली की अण्णा तिला कामावर घेऊन जायचे, कारण घरी ठेवायला कुणी नव्हतं. वहिनी, म्हणजे योगम, दुसऱ्यांची म्हातारी माणसं सांभाळायला जायची. तर अण्णा वरून खाली जिना पुसत यायचे आणि पोरगी कोरड्या पायऱ्यांवरून मागे मागे. एकेका पायरीवर तविलचा एकेक बोल. "त, कि, ट, त, क..." बोल चुकला की पुन्हा वरच्या मजल्यावर जायचं. पाच मजल्यांच्या त्या जिन्यानं पोरीचे पाय आणि ताल दोन्ही पक्के केले. आठव्या वर्षी तिनं आईच्या पिठाच्या डब्यातून मैदा चोरून आपल्या इवल्या बोटांना टोप्या केल्या. योगमनं त्या बघितल्या आणि कपाळाला हात लावला.

"मुली तविल वाजवत नाहीत," ती म्हणाली. "कोण लग्न करील हिच्याशी?"

"बहिरा सोडून कुणीही," अण्णा म्हणाले.

"थट्टा सुचते तुम्हाला. तिच्या शेजारी नादस्वर घेऊन बसेल कोण, ते सांगा."

योगमनं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. एकटं तविल म्हणजे अर्धी बैलजोडी. नादस्वरवाला शेजारी बसल्याशिवाय तविलवाल्याला कुणी वाजवणारा म्हणत नाही. आणि आमचे नादस्वरवाले बाईच्या शेजारी बसत नव्हते. असं कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण न लिहिलेलं मोडायला दुप्पट जोर लागतो. अण्णांना दुसरं काही नको होतं. पोरगी वाढली, अण्णांनी साठी ओलांडली. सात पिढ्यांची थाप आपल्याबरोबर मातीत जाऊ नये, कुणीतरी चारचौघांत या पोरीच्या शेजारी उभं राहावं, एवढीच त्यांची आस होती. ते मला एकदा बोलले. नंतर मी काय केलं ते आता सांगते. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

माझ्या थोरल्याचं लग्न होतं. तीनशे माणूस, भाड्याचा हॉल, केळीचे खांब, सगळं साग्रसंगीत. नादस्वरासाठी झुरिचहून पंचलिंगम मामांना बोलावलं होतं. युरोपात त्यांच्या तोडीचा माणूस नाही, आणि ते त्यांना पुरेपूर ठाऊक आहे. तविल अर्थात अण्णांचं. लग्नाच्या नऊ दिवस आधी अण्णा ओल्या जिन्यावरून बादलीसकट घसरले आणि त्यांचा खांदा निखळला. हात गळ्यात बांधलेला, तसेच माझ्याकडे आले.

"मंगै, घाबरू नकोस. तारणी वाजवेल."

मी हो म्हटलं. तारणी तेव्हा वीस वर्षांची, बेकरीत कामाला होती. तिनं मालकाकडून रजा घेतली, नवी साडी नेसली, टोप्या घालून तविलपाशी बसली. पंचलिंगम मामा आले, त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि वाद्याची पेटीच उघडेनात.

"मंगै, पोरगी गुणी असेल. पण मी मुलीच्या जोडीला बसत नाही. माझे वडील बसले नाहीत, आजोबा बसले नाहीत."

"तुमचे आजोबा झुरिचमध्येही बसले नव्हते," अण्णा म्हणाले.

मामांच्या कपाळावर आठी पडली. तीनशे माणसं बघत होती. आणि मी, या मंगैनं, तारणीजवळ जाऊन सांगितलं, "बाळा, आजचा दिवस राहू दे. माझी लाज राख." एकेक टोपी काढून तिनं डबीत ठेवली.

मग गेट्टी मेळमचं काय करायचं? आमच्यात मंगळसूत्राची गाठ बसते त्या क्षणी पुरोहित बोट उंचावून ओरडतो, "गेट्टी मेळम!" आणि तविलवाला जीव खाऊन तविल बडवतो. त्या घटकेला कुणी शिंकलं, रडलं, कुणाच्या तोंडून वेडंवाकडं निघालं, तर ते नवरा-नवरीच्या कानी जाऊ नये म्हणून. माझ्या नवऱ्यानं शक्कल लढवली, फोनवरून तविल लावू, स्पीकरला जोडू. पुरोहितानं बोट उचललं, नवऱ्यानं फोनचं बटण दाबलं, आणि स्पीकरमधून एक बाई इटालियनमध्ये गादीची जाहिरात करायला लागली. नवऱ्यानं घाबरून फोन बंद केला. मामा नादस्वर तोंडाला लावून तविलची वाट बघत तसेच थिजले. सगळा हॉल चिडीचूप. आणि त्या शांततेत माझे चुलतसासरे पुरोहिताच्या माईकजवळ शिंकले. तीनदा.

माझी सून गुणी आहे, जुळी नातवंडं आहेत, संसार छान चाललाय. तरी आमच्या माणसांनी वर्षभर मला ती शिंक ऐकवली. ऐकवू देत. मला ती शिंक लागली नाही. लागलं ते हे, की अण्णा न जेवता लेकीला घेऊन घरी गेले आणि त्यानंतर कढीपत्ता घ्यायला कोपऱ्यावरच्या बांगलादेश्याकडे जायला लागले.

दोन वर्षं गेली. अण्णांचा खांदा जोडला गेला, पण तविलचं वजन पेलेना. गच्चीवर रोज संध्याकाळी वाजायचं ते तारणी वाजवायची, हे मला दुकानात बसून कळायचं, कारण तिची डावी काठी बापापेक्षा जड पडते. अण्णांनी एकदा नुन्झियोला विचारलंही होतं, सप्टेंबरात रोसालिया आईची पालखी निघते, तिच्यापुढे तविल चालू दे. नुन्झियोनं मान हलवली होती. "तुमचा ढोल तुमच्या लग्नात. आईला तुताऱ्या आवडतात."

आई म्हणजे सांता रोसालिया, पालेर्मोची राखण करणारी संत. ती त्यांची, तशी आमचीही. आमच्यातला कपाळाला भस्म लावणाराही तिच्या डोंगरावर अनवाणी चढतो. लंडनहून, पॅरिसहून, झुरिचहून माणसं नवस फेडायला येतात. त्या वर्षीही आली होती. पालखीमागे आमच्या बायका केसांत मोगरा माळून, हातात मेणबत्त्या घेऊन उभ्या होत्या. पंचलिंगम मामाही होते, अनवाणी, मेणबत्ती धरून. दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी घरभरणीला वाजवायचं होतं, म्हणून वाद्याची पेटी पाठीला. अण्णा, योगम आणि तारणी त्यांच्यापासून चांगली वीस पावलं लांब. मी मध्ये, दोन्हीकडे तोंड दाखवायला जागा नाही अशी.

दुपारचे साडेचार. चर्चचं दार उघडलं, अठ्ठावीस भोई दांड्यांखाली खांदे लावून तयार. आणि बरोबर तेव्हाच नुन्झियोची जीभ सुटली. तो बँडच्या मास्तरला म्हणाला, मागच्या वर्षी तुमच्या तुताऱ्या ऐकून आईनं कान झाकले होते. मास्तर उलटून बोलला. नुन्झियो मग मास्तरच्या आईपर्यंत, आजीपर्यंत आणि तिच्याही मागे गेला. मास्तरनं काठी काखेत मारली, बावीस वाजवणारे वळले आणि सरळ चालते झाले.

पालखी दारात आणि बाजा नाही. हसण्यावारी नेऊ नका. त्या पालखीचं वजन असं, की अठ्ठावीस जणांचं पाऊल एका ठोक्याला पडलं नाही तर माणसं चिरडतील. नुन्झियो "एक, दोन" ओरडायला लागला. पुढचे एकला निघाले, मागचे दोनला. आईची मूर्ती अशी कलली की बायकांनी किंकाळी फोडली. भोयांनी पालखी पुन्हा टेकवली. पाद्री बाबा घाम पुसत म्हणाले, "आज नाही निघायची."

दोन वर्षं माझ्या घशात अडकलेलं काहीतरी तेव्हा निघालं. मी गर्दी सारत नुन्झियोपुढे जाऊन उभी राहिले.

"बाजा पाहिजे ना? तुझ्या बोकडाचं कातडं ज्या ढोलावर आहे, तो तिसऱ्या दारात आहे. जा, हात जोड."

"शिवाचा खांदा मोडलाय."

"शिवाला कोण सांगतंय? त्याच्या लेकीला सांग."

"ती? ती बेकरीवाली पोर? अगं बाई, अठ्ठावीस माणसं आहेत खाली."

"आणि ती पाच मजले बोल म्हणत मोठी झाली आहे. तुझ्या एक-दोनपेक्षा बरी मोजेल."

नुन्झियोनं माझ्याकडे पाहिलं, कललेल्या आईकडे पाहिलं, आणि डोक्यावरची टोपी काढून तारणीसमोर गेला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. माणूस हळू बोलत होता आणि त्याची त्याला सवय नाही हे कळत होतं. तारणीनं बापाकडे बघितलं. अण्णा एवढंच म्हणाले, "धाव."

ती तविल घेऊन आली, पट्टा मानेत, टोप्या दातानं ओढून बोटांवर बसवत. पालखीसमोर उभी राहिली. आमच्यात देव देवळाबाहेर पडताना मल्लारी नावाची गत वाजते, जड, राजाच्या चालीची. तिनं तीच धरली, पण डोळे आईच्या मुखाकडे नव्हते, भोयांच्या बुटांकडे होते. बाल्लारोची पोर ती, या लोकांचं पाऊल आखूड पडतं आणि खांदा आधी डोलतो हे तिला जन्मापासून माहीत. तिनं मल्लारी त्या डुलण्यावर बसवली. काठी पडली की पाऊल, बोटं पडली की झोला. पहिल्या रांगेला कळलं, मग दुसरीला, आणि अठ्ठावीस माणसं एकदम उठली. "व्हिवा सांता रोसालिया!" खिडक्याखिडक्यांतून फुलं पडली. आमच्या बायकांनी मागे कुलवै काढली, जीभ हलवून मंगल आवाज काढतात तशी, आणि इटालियन बायकांनी दचकून मागे बघितलं आणि मग त्याही ओरडल्या.

अण्णा लेकीपुढे उलटे चालत होते, हातानं ताल धरून, डोळ्यांतून पाणी वाहतंय त्याचं भान नाही. नंतर मला म्हणाले, "मंगै, सगळा जन्म तविलच्या मागे उभा राहिलो. ते समोरून कसं ऐकू येतं ते आज कळलं."

मासळीबाजारापाशी चढ आहे, आणि चढावरच गल्ली वळते. दरवर्षी तिथं भोई शिव्या देतात. त्या दिवशी वळताना पुढचा दांडा खाली आला आणि टोक नेमकं नुन्झियोच्या पायाच्या अंगठ्यावर बसलं. मी समोरच होते. त्याचा चेहरा वांग्यासारखा झाला. त्यानं छाती भरून श्वास घेतला. तोंड उघडलं. साऱ्या बाल्लारोला कळलं की आता जे बाहेर पडणार ते आईच्या कानाजवळ, दीड हातावर पडणार. पाद्री बाबांनी डोळे मिटून घेतले.

अण्णांचा हात आपोआप वर गेला. बोट उंचावून ते ओरडले, "गेट्टी मेळम!"

आणि तारणीनं तविल फोडायचंच बाकी ठेवलं. दोन्ही हात दिसेनासे झाले. भिंती थरथरल्या, बर्फावरचे मासे हलले. नुन्झियोचं तोंड उघडझाप करत होतं, मानेच्या शिरा फुगल्या होत्या, हातवारे चालू होते, चांगली पाऊण मिनिटाची लांबलचक शिवी, आणि त्यातलं एक अक्षर कुणाला ऐकू आलं नाही. त्याचं संपलं तसं तिनंही संपवलं. मग पाद्री बाबा असे हसले की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. भोई दांड्याखाली हसायला लागले. नुन्झियो लंगडत पुढे आला आणि तारणीला म्हणाला, "पोरी, आईनं ऐकलं का गं?"

"आईनं नाही, डॉन नुन्झियो. पण मी ओठ वाचले. घरी जाऊन तोंड धुवा."

तेवढ्यात कुणीतरी माझ्या हातात जळती मेणबत्ती दिली. पंचलिंगम मामा होते. त्यांनी पाठीवरची पेटी उतरवली, नादस्वर काढलं, त्याची जिभली ओठांत ओली करत अण्णांपाशी गेले.

"अण्णा, जागा आहे का?"

"मला काय विचारता? तविल तिचं आहे."

सगळं बाल्लारो बघत होतं. मामा तारणीकडे वळले. त्या गर्विष्ठ माणसाला किती जड गेलं असेल, मी जवळून पाहिलं. "तारणी, मी चुकलो. तुझ्या शेजारी वाजवू दे."

तिनं पट्टा सावरला. जरा बाजूला सरकली. "या मामा. पण मी थांबणार नाही. गाठावं तुम्हालाच लागेल."

त्यांनी गाठलं. चर्चपर्यंतचा परतीचा रस्ता आम्ही कसा चाललो मला सांगता येणार नाही, मी सगळा वेळ रडत होते आणि मेणबत्तीचं मेण माझ्या साडीवर पडत होतं. आता दरवर्षी त्या चढावर भोई हक्कानं थांबतात. तारणी काठी उचलते, आणि ज्याला जे साठलेलं बोलायचं असेल तो ते मोकळेपणानं बोलून घेतो. पलीकडच्या मोहल्ल्यांतली माणसंसुद्धा तेवढ्यासाठी येतात. एक विधवा येते, ती काय बोलते ते फक्त रोसालिया आईला माहीत, आणि खरं तर तिलाही नाही.

अण्णा पुन्हा कढीपत्ता माझ्याकडूनच नेतात. त्या पालखीनंतरच्या जुलैत ते दुकानातच होते, योगमही होती, तेव्हा पंचलिंगम मामा आत आले. हाताला धरून आठ वर्षांची नात. पोरीच्या पाठीला दप्तर, पायात लाल सँडल.

"शाळेला सुट्टी आहे," मामा म्हणाले. "ही नादस्वर नको म्हणते. तविल पाहिजे. तारणी शिकवेल का?"

अण्णांनी चष्मा वर करून पोरीला न्याहाळलं. मग मामांकडे बघितलं. चेहरा दगडाचा. मी मनात म्हटलं, अण्णा सोडत नाहीत आता.

"मुलगी आहे ही," अण्णा म्हणाले. "उद्या हिच्या शेजारी बसेल कोण?"

मामांनी मान खाली घातली नाही. "जिवंत आहे तोवर मी बसेन. मी गेल्यावर ज्याला बसायचं नसेल, त्यानं लग्नात फोन वाजवावा."

अण्णा हसायला गेले आणि त्यांना हुंदका आला. गल्ल्याला धरून ते उभे राहिले. योगमनं नवऱ्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि पुढे होऊन तिच्या पाठीवरचं दप्तर उतरवलं.

"रडायचं नंतर बघा," ती म्हणाली. "मंगै, दोन किलो मैदा दे. हिची बोटं फार बारीक आहेत, टोप्या आजच करायला घेते."